अनोळखी प्रकाशक

मंगळवार, संध्याकाळ. खांदा कॉलनी.

आपटा गावच्या दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या पाटीलकाकांचा फोन आला. त्या नोंदींसाठी मी बनवलेला प्रोग्रॅम मागे डॉक्टरांच्या मॅकवर नीट बसला होता. काकांच्या विंडोज संगणकावर मात्र 'अनोळखी प्रकाशक' असा इशारा आला, कारण प्रोग्रॅम कुणाचा हे पटवणारी डिजिटल सही विंडोजच्या पॅकेजवर करणं मी टाळलं होतं. तेव्हा मीच म्हणाले, "लक्ष देऊ नका काका, 'तरीही चालवा' दाबा."

आज काका खुशीत. "आता भीती नाय पोरी. कसलापन इशारा येवो, मी तेच दाबतो. आज दोनदा दाबला!"

दोनदा? कशावर? गावभरच्या रुग्णांच्या नोंदी आहेत तिथे.

"काका, आधी इंटरनेटची वायर काढा. मी येते."

"का ग, माझा काय चुकला?"

"तुमचं नाही," एवढंच म्हणाले. माझं चुकलं, हे का म्हणवलं नाही?