डाव्या मडगार्डवरचा पोचा

जठारपेठ, अकोला
दि. ३ सप्टेंबर २००६

चि. सौ. शालूस,

आशीर्वाद पाठवतो आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे एका चौकशीचा निकाल लागेपर्यंत माझ्याकडे जमा राहतील.

आधी बातमी. नानांची डुक्कर फियाट सापडली. आपल्याच नानांची, आपल्या भातकुलीच्या अंगणात उभी असायची तीच. रिद्धपूरला एकाने कापूस सोडून म्हशी घेतल्या, गोठ्याला जागा हवी म्हणून आतलं भंगार काढायला लागला, आणि भंगारात ही. गयासुद्दीनला कुणीतरी सांगितलं, म्हणून आम्ही दोघे पाहायला गेलो. मागच्या सीटवर तीन कोंबड्या अंडी उबवत बसल्या होत्या, त्यांनी आम्हाला अर्धा तास आत येऊ दिलं नाही. मी राखदाणी ओढली तर नानांचा चुना तिच्यात वाळून दगड झालेला. बत्तीस वर्षांपूर्वी नानांनी ती विकली, तेव्हा चुना काढायचा राहिला होता. मी तिथेच बसून थोडा रडलो. गयासने कोंबड्यांकडे पाहण्याचं सोंग केलं.

आता गाडी आमच्या शेडमध्ये आहे. नेहमीप्रमाणे नवी नवरी करून विकायची. इंजिन उतरवलं आहे, निकलचं सामान चकाकायला दिलं आहे, गयास पत्रा खरवडतो आहे.

आणि चौकशी ही. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचं आतलं आवरण काढलं, तर तळाशी लाल काचेच्या बांगडीचे दोन तुकडे निघाले. सोनेरी ठिपक्यांची बांगडी. कुणाची असेल गं?

उत्तर पत्रानेच दे. चाळीस वर्षं पत्रा ठोकून माझे कान गेले आहेत, फोनवर नुसतं गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं. भगवंतरावांना नमस्कार.

चौकशी अधिकारी,
तुझा दादा ओमप्रकाश


भातकुली
दि. ९ सप्टेंबर २००६

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

अर्धे आशीर्वाद पोचले. मी नमस्कार पूर्ण पाठवते आहे. रोज फुलं तोलून विकते, वजनात मारायची सवय नाही मला.

गाडी सापडली हे वाचून ह्यांनी दोनदा चहा मागितला. आमच्याकडे ह्या वर्षी दोन एकरांतला कापूस गेला आणि झेंडू आला. माझ्याच सांगण्यावरून. त्यामुळे झेंडूला एखादी अळी दिसली तरी भगवंतराव माझ्याकडे पाहतात. कापसाला भाव नाही म्हणून गावात कुणी मोठं लग्न काढत नाही, लोकांनी दोन वर्षं मुलींची लग्नं पुढे ढकलली. पण दसरा-दिवाळी काही कुणी पुढे ढकलत नाही, म्हणून फुलं धरली.

बांगडीचं म्हणशील तर त्यात चौकशी कसली? वलगावची कासारीण आठवते का? टोपली घेऊन पायी यायची, नाना तिला गाडीत बसवून आणायचे. तिचीच असेल. नाहीतर त्या कोंबड्यांना विचार. इतकी वर्षं त्या आत राहतात, त्यांनाही हौसमौज असेल.

आणि दादा, ते जुनं उकरत बसू नकोस. मडगार्डवर पोचाबिचा असेल तर काढ, रंग मार आणि विकून मोकळा हो.

लोभ आहे तेवढाच पुरे, संशय मात्र कमी कर.

तुझी
शालू


अकोला
दि. १७ सप्टेंबर २००६

चि. सौ. शालूस,

आशीर्वाद अर्ध्यावरून पावावर आणले आहेत, कारण पुढे वाच.

एक. बांगडी ड्रायव्हरच्या दारात निघाली. नानांनी कासारणीला गाडी चालवायला दिली असती, तर आईने दोघांनाही अंगणात पाऊल ठेवू दिलं नसतं.

दोन. आईने जन्मात हिरव्याशिवाय दुसरी बांगडी भरली नाही.

तीन. लाल, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या बहिरमच्या यात्रेत घेतल्या होत्या. भाव मी केला होता. घेईपर्यंत कोण जमिनीवर बसून राहिलं होतं, हेही मला आठवतं.

चार. माझ्या पत्रात पोच्याचा शब्दही नव्हता. मी बांगडीचं विचारलं, तर तू थेट मडगार्डवरच्या पोच्यावर गेलीस.

आणि पोचा आहे. गयासने आधी क्रीम रंग काढला, मग निळा, मग नानांचा राखाडी. राखाडीच्या खाली बोटभर जाड लांबी, म्हणजे पुट्टी, थापलेली होती. ती काढली, तर डाव्या मडगार्डवर नारळ बसेल एवढा पोचा. सहासष्ट सालचा, गोठ्यापुढच्या दगडी हौदाचा. तो मी पाडला हे सगळ्या भातकुलीला माहीत आहे. नानांनी सगळ्यांसमोर मला दोन थोबाडीत ठेवून दिल्या आणि म्हणाले होते, "ठोकाचीच हौस हाय ना तुले? मंग लोखंडच ठोक." दुसऱ्याच दिवशी मॅट्रिकची शाळा सुटली आणि मला अकोल्याला गयासच्या अब्बांच्या दुकानात आणून बसवलं. तेव्हाचा मी अजून तिथेच आहे.

गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे. अमरावतीचे मंडपवाले सहदेवराव. आता लोक एकेकटी वरात काढत नाहीत, सामूहिक विवाह करतात. त्यांना ही फियाट अकरा नवरदेवांना पाळीपाळीने फिरवायला हवी आहे. दिवाळीच्या पाडव्याला न्यायची म्हणतात.

पण मी ठरवलं आहे. बांगडीची मालकीण सापडेपर्यंत त्या पोच्याला कुणीही हातोडी लावायची नाही. पाडवा गेला तरी चालेल.

तुझा,
अजिबात घाई नसलेला दादा


अकोला
दि. २७ सप्टेंबर २००६

शालूताईंना गयासुद्दीनचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या भावाने आणीबाणी आणली आहे.

सगळी गाडी तयार आहे. इंजिन पहिल्या झटक्याला लागतं. सीटला नईमाने लाल रेक्झिन शिवलं, माझी बायको म्हणून सांगत नाही, पण बाजारात असं काम नाही. दारं अजून तशीच उलटी उघडतात, लोक बघायला थांबतात. फक्त डावं मडगार्ड उघडं पडलं आहे. मी हातोडी घेऊन जवळ गेलो की ओमप्रकाश मध्ये येऊन उभा राहतो. परवा तर स्टूल टाकून पोच्याशेजारी जेवला. माझे रोजे चालू, आणि हा माणूस माझ्यासमोर कांदा फोडून झुणका खातो.

सहदेवराव आले होते. गाडी पाहून खूश झाले, मग पोच्यावरून हात फिरवला. मी काही बोलायच्या आत ओमप्रकाशने सांगून टाकलं की हा कंपनीतूनच येतो.

मला वाटतं त्याला त्या पोच्याचा लळा लागला. सतरा वर्षांचा पोरगा, एकदा चुकला, तेवढ्यावरून बापाने शाळा सोडवली. पहिल्या वर्षी आमच्या दुकानात कुणाशी बोलायचा नाही. अब्बा त्याला कानात कापूस घाल म्हणायचे, तर घालायचा नाही, काम ऐकूनच शिकता येतं म्हणायचा. म्हणून कान गेले. ती एक चूक त्याला फार महाग पडली, ताई. पण म्हणून पत्रा वाकडा ठेवायचा काय?

तुमचं तो ऐकतो. कानाने नाही तर पत्राने. त्याला समजवा.

आपला
गयासुद्दीन


भातकुली
दि. ५ ऑक्टोबर २००६

ती. दादास,
नमस्कार. आज नमस्कार करताना खरंच वाकले आहे.

दसऱ्याचा झेंडू सगळा गेला. भगवंतराव आता झेंडू त्यांच्याच डोक्यातून निघाल्याचं लोकांना सांगतात. मी मध्ये बोलत नाही. आज मला एवढंच लिहायचं नाही.

गयासभाईंचं पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. बांगडी माझी आहे. गाडी मी ठोकली.

नाना आत झोपले होते. किल्ली खुंटीला होती. मी चौदा वर्षांची. तू रविवारी गाडी पुसताना गिअर कसा पडतो ते दाखवायचास, ते मी पाठ करून ठेवलं होतं. नुसती हौदापर्यंत नेऊन परत आणायची, एवढंच मनात होतं. नेली. परत कशी आणायची ते तू शिकवलं नव्हतंस. हाताला दाराचं हँडल लागून बांगडी फुटली आणि मी काकूच्या घरी पळाले. परत आले तेव्हा तुझे गाल लाल झालेले होते आणि आई तुझे कपडे पेटीत भरत होती.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. भीती वाटली. मग तू गेलास आणि बोलायचं लांबत गेलं. दर दिवाळीला मी तुला एकवीस अनारसे पाठवते, तू म्हणतोस बहिणीची माया. माया आहेच रे, पण अर्धी भीती आहे. गेल्या भाऊबीजेला तुला ओवाळताना तुझ्या कानातलं ते यंत्र दिसलं आणि मला तिथे बसवेना. तुझी शाळा माझ्यामुळे गेली, तुझे कान माझ्यामुळे गेले.

त्या दिवसापासून मी कोणत्याच गाडीच्या चाकाला हात लावला नाही. ह्यांनी लुना आणून दिली होती, तिच्यावर कोंबड्या बसतात.

तुला रागवायचं असेल तर रागव. पण पोचा आता काढून टाक.

तुझी
शालू


अकोला
दि. ९ ऑक्टोबर २००६

चि. सौ. शालूस,

पूर्ण आशीर्वाद, थकबाकीसह.

आता तू बसून घे. भगवंतरावांना पाणी आणायला सांग.

त्या दुपारी मी गाडीतच होतो. मागच्या सीटवर, कापसाच्या पोत्यांच्या मागे. अंकगणिताची शिकवणी चुकवून झोपलो होतो. इंजिन लागलं तेव्हा जागा झालो. डोळे उघडले तर पुढे दोन वेण्या. ओरडणार होतो, पण तू पहिला गिअर असा अलगद टाकलास की ओरडायचं राहून गेलं. हौदापर्यंत तू झकास चालवलीस, शाले. हौद मध्ये आला, त्याला तू काय करणार.

तू पळालीस. मी उतरून पोच्यावर हात ठेवून पाहत होतो, तेवढ्यात नाना बाहेर आले. त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. फार मोठा त्याग वगैरे समजू नकोस. मंगळवारी अंकगणिताचा पेपर होता आणि दोन थोबाडीत मला त्यापेक्षा स्वस्त वाटल्या.

अकोल्याला पाठवतील हे काही वाटलं नव्हतं. पहिलं वर्ष घरची आठवण येऊन मी मुका झालो, गयास म्हणतो ते खरं. पण पहिल्याच दिवशी उस्तादांनी, म्हणजे गयासच्या अब्बांनी, माझ्यासमोर एक चेपलेलं दार घेतलं, मागून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकलं, आणि तासाभरात ते दार जसं कधी चेपलंच नव्हतं. मला वाटलं, हे मला यायला हवं. त्यानंतर मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही. तू गाडी ठोकली नसतीस तर मी आज कुठल्यातरी कचेरीत चुकीच्या बेरजा करत बसलो असतो. आणि कानात कापूस घातला नाही तो माझा शहाणपणा, त्याचं श्रेय तुला देणार नाही.

मग इतकी वर्षं बोललो का नाही? अनारशांसाठी. कुणाचेच अनारसे तुझ्यासारखे जाळीदार होत नाहीत, आणि खरं सांगितलं तर डबा बंद होईल अशी भीती होती. ही माझी कबुली. पण भाऊबीजेला तू ओवाळता ओवाळता उठून स्वयंपाकघरात गेलीस, तेव्हा कळलं की ते अनारसे मला फुकट मिळत नव्हते. फार वाईट वाटलं. नुसतं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, दादा मन राखायला बोलतो. तुझ्या तोंडून आधी यायला हवं होतं. म्हणून पोचा अडवून बसलो.

रविवारी पहाटे तो मी स्वतः काढणार आहे, उस्तादांच्या हातोडीने. तू भगवंतरावांना घेऊन ये. सहदेवराव पाडव्याला गाडी नेतील, त्याआधी एकदा तुला चाकावर बसवायचं आहे. परत कशी आणायची ते शिकवायचं राहिलं होतं.

तुझा
दादा


अकोला
दि. १७ ऑक्टोबर २००६

शालूताईंना सलाम आणि नमस्कार. लग्न जुळवणाऱ्यासारखं गोड बोलून एक गोष्ट विचारायची आहे.

रविवारी तुम्ही आलात, नईमाला झेंडूची टोपली दिलीत, फार बरं वाटलं. डावं मडगार्ड ओमप्रकाशने असं सरळ केलं होतं की अब्बा असते तर त्यांनी त्याला जवळ घेतलं असतं. मी संध्याकाळी रोजा सोडायला घरी गेलो. जाताना गाडी आरशासारखी होती.

सोमवारी शेड उघडलं, तर उजव्या मडगार्डवर पोचा. ताजा. त्यात पांढरा चुना, आणि आमच्या शेडच्या फाटकाच्या खांबाचा तेवढाच चुना गेलेला. बंपरमध्ये झेंडूच्या पाकळ्या.

ओमप्रकाशला विचारलं. त्याने यंत्र कानातून काढून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "मीच ठोकली. लिहून ठेव." एवढं बोलून हसत सुटला. चाळीस वर्षांत मी त्याला असा हसताना पाहिला नाही. भगवंतरावांना फोन केला, तर ते म्हणाले की ते त्या वेळी आभाळ बघत होते.

आता बघा. पोचा काढायला मला दोन दिवस पुरतील, पाडवा चुकणार नाही. पण ड्रायव्हरची सीट चार बोटं पुढे सरकवलेली आहे. तेवढ्या जागेत ओमप्रकाशचं पोट मावत नाही. मी कुणाला सांगणार नाही, ताई. मला फक्त खरं कळावं.

आपला
गयासुद्दीन


भातकुली
दि. १९ ऑक्टोबर २००६

गयासभाईंना नमस्कार आणि ईदच्या आगाऊ शुभेच्छा.

तुमचं पत्र मिळालं. दादाने कबूल केलं आहे ना, मग त्याच्या शब्दावर संशय घेणं बरं दिसत नाही. तो लहानपणापासून असाच आहे. गाडी दिसली की ठोकतो.

उद्या सकाळच्या एसटीने भगवंतराव अकोल्याला येत आहेत. त्यांच्याजवळ अनारशांचे दोन डबे दिले आहेत. एक दादाला, कबूल केल्याबद्दल. दुसरा तुम्हाला आणि नईमावहिनींना, सीट मागे सरकवून ठेवल्याबद्दल.

आपल्या लोभात आणि हातोडीत खंड पडू नये.

आपली
शालू