डोळ्यांतील पांढऱ्याची सरासरी

९ मे

राजेश्वरी सुधाकर झावरे, तुझ्या भावाचा आज पुन्हा फोन आला. पूजाच्या लग्नाच्या व्हिडिओत ओंकारला तू हवी आहेस. "दाजी, आत्याबिगर पोरीचं लगीन पुरं दिसंना. तुमच्या तर हातचा मळ हाय."

खरे आहे. लग्नाच्या व्हिडिओत मृतांना मांडवात उभे करणे हाच माझा व्यवसाय. नगरमध्ये मागणी भरपूर. तुला मात्र कधी असे कापून बसवले नव्हते.

होकार दिला.

११ मे

मूळ दृश्य तुझ्या भाच्याच्या, समर्थच्या हळदीचे घेतले, तीन वर्षांपूर्वीचे. रीत नेहमीचीच: चेहऱ्यावरचा लहानसा चौकोन निवडायचा, त्यातील सर्व ठिपक्यांच्या रंगाची सरासरी काढायची, ती नव्या दृश्यातील चेहऱ्यांच्या सरासरीशी जुळवायची. तुझ्या गालांना हळद, म्हणून कपाळ घेतले. मग गळा. सगळीकडे पिवळे. कॅमेऱ्याचा दोष म्हणावा, तर मागचा पडदा पांढराशुभ्र. शेजारी तुझ्या आई, झुंबरबाई. त्यांचा रंगही ठीक.

शेवटी तुझ्या डोळ्यांतील पांढऱ्या भागाची सरासरी घेतली.

पुढे लिहवत नाही.

१२ मे

समर्थच्या व्हिडिओची जुनी फाइल उघडली. तेव्हा मीच एक दुरुस्ती लावली होती. शिस्तीप्रमाणे तिला नावही दिले होते: 'राजेश्वरी – डोळे – पिवळा कमी'.

हळदीच्या दिवशी तू विचारले होतेस, "अहो, मी पिवळी दिसते का?" मी म्हणालो, "हळदीत सगळेच पिवळे." तू हसलीस.

यकृतातील गाठ सापडली त्यानंतर पाच महिन्यांनी. "आधी आणायला हवे होते," डॉक्टर म्हणाले. ओंकार आजही त्यांनाच शिव्या देतो. मी मान डोलावतो!

१५ मे

ती दुरुस्ती लावली की तू अचूक जुळतेस. कोणाला कळणारही नाही.

१७ मे

श्रीगोंद्याला गेलो. ओंकारला दोन्ही दृश्ये दाखवली – मूळ आणि दुरुस्त. सर्व सांगितले. त्याने मूळ दृश्य पुन्हा लावले. मग म्हणाला, "दुरुस्ती-बिरुस्ती नको. ताईला हाय तशी ठेवा."

झुंबरबाई दारात उभ्या होत्या. "मला तवाच दिसलं हुतं," त्या म्हणाल्या. "पर म्हनलं, जावायाचा धंदाच रंगाचा. त्यास्नी दिसलंच आसंल."

२० मे

व्हिडिओ पोहोचवला. पूजाच्या मांडवात तू उभी आहेस, पिवळी. कोणाशीही जुळत नाहीस.

स्टुडिओचे दार कुलूपबंद केले. किल्ल्या जागामालक भागवत यांना परत केल्या.