चॉकलेटचं कात्रण

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आई गेल्यानंतर आज दोन वर्षांनी लिहितोय, तेही नाइलाजाने. बाबांना डार्क चॉकलेट पाठवलंस, ठीक. पण ते रक्तदाबाला बरं असल्याचं कात्रण सोबत कशाला? चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस छापलेलं खोटं मानेल होय? गोळ्या बंद केल्यात म्हणतात. जेवणानंतर चॉकलेटचा एक चौकोन चघळतात आणि डॉक्टरांना शहाणपण शिकवतात. मी घड्याळं दुरुस्त करू की यांच्यावर पाळत ठेवू? तू लांबून प्रेम करायचं, निस्तरायचं मी!

लोभ असू दे, चॉकलेट नको.
तुझा भाऊ

९ मार्च

चि. भाऊस, राग गिळून आशीर्वाद.

लांबून म्हणतोस? आईचं दुखणं मला वेळेवर कळवलं असतंस, तर जवळ असते. असो. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असते मी, गोळ्या सोडा असं सांगेन? कात्रणाच्या शेवटी छापलं होतं, फायदा झालाच तर थोडा, औषध मात्र सोडू नये. पाकिटात मावेना म्हणून नेमकी तिथेच कात्री चालवली. चूक माझीच. घास उतरत नाहीये. रक्तदाब तपासून लगेच कळव.

तुझी ताई

१५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तपासला. एकशे तीस-ऐंशी! डॉक्टर खूश, बाबा त्याहून. आता शेजारच्या शिंपीणबाईंना चॉकलेटचे गुण ऐकवतात. मी कपाळावर हात मारून घेतला. तूच येऊन समजाव.

आईच्या वेळी उशिरा कळवलं, ते चुकलंच माझं.

तुझा भाऊ

१६ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रागावशील, पण ऐक. कात्रणातलं शेवटचं वाक्य पूर्णविरामाविनाच तुटलंय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. जन्मभर दुसरं केलं काय मी? गोळ्या चष्म्याच्या डबीत असतात, सकाळी फिरायला गेलो की घेतो. एकही चुकवलेली नाही. पण मी धडधाकट आहे म्हटलं की तुम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही, म्हणून हे सोंग. भाऊला सांगू नकोस. चॉकलेट कडूजहर आहे, आता पुरे.

तुझे बाबा

१९ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

बाबांचं पत्र सोबत जोडलंय. वाच आणि पुन्हा कपाळावर हात मार. इतके दिवस माझा जीव टांगणीला लावला या माणसाने! शनिवारी येतेय. तोवर त्यांना काही बोलू नकोस, दोघं मिळून झापू.

तुझी ताई