घंगाळावरची नावं

वर्धा, ९ फेब्रुवारी १९५६

तीर्थरूप सदाशिवमामांच्या चरणी भाचा गुलाब याचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता बैलगाडीत चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असावा. (माझी प्रकृती विचाराल, तर आहे, तिच्यात जीव मात्र उरलेला नाही.)

मामा, आमचा रेडिओ बुडाला. रेडिओ म्हणजे वसतिगृहाच्या गच्चीवरचा भोंगा. रोज संध्याकाळी तासभर आम्ही पोरंच त्यावरून बातम्या, कापसाचे भाव आणि गाणी ऐकवतो, आणि बोलतो मी. जन्मात मला जमलेली ही एकच गोष्ट, हे माझं गुणपत्रक पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं! त्याच्या यंत्रातला व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज वाढवणारा काचेचा दिवा, गेला. नवा अठरा रुपयांना. रेक्टर म्हणाले, महिनाअखेरीपर्यंत आणा, नाहीतर भोंगा उतरवा.

म्हणून देवळीच्या बाजारात मदतीचं प्रसारण करायचं ठरलं. लग्नात भोंगे लावणाऱ्या बंडूजींनी बॅटरीवरचा संच एक दिवस फुकट दिला (तेव्हाच मला शंका यायला हवी होती). त्यांच्या पेटीतल्या तबकड्या साऱ्या सनईच्या. त्याच लावल्या आणि देणाऱ्यांची नावं पुकारू लागलो. सनई वाजते आहे, नावं पुकारली जाताहेत. बायांना वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे. त्या घरी गेल्या आणि आहेराची भांडी घेऊन आल्या! पंचफुलाबाई पाण्याचा पितळी गुंड पुढे करून मलाच विचारतात, "नवरी कुठची हाय बाप्पा?" मी रोख मागत राहिलो, समोर पितळ वाढत राहिलं.

गर्दीत कोण काय देतं ते कळेना, तेव्हा मी अक्कल चालवली. आपल्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतंच, मग विचारायचं कशाला? कोरलेलं वाचत सुटलो. मला काय ठाऊक, अर्धं गाव दुसऱ्याकडून आलेलीच भांडी पुढे सरकवतं! पंचफुलाबाईंच्या गुंडावर नाव निघालं त्यांच्या विहीणबाईंचं, आणि विहीणबाई हातभर अंतरावर वांगी निवडत होत्या. "माह्या पोरीसंगं धाडलेला गुंड तुले जड झाला काय वं?" हे त्या माइकजवळच बोलल्या, त्यामुळे साऱ्या बाजाराला ऐकू गेलं. मग प्रत्येक जण आपापलं नाव शोधायला धावला. त्या झटापटीत माझा सदरा फाटला आणि सनई तशीच वाजत राहिली.

हाती आली सात भांडी. वर्ध्याचा भांडेवाला ती घेत नाही. नावं वाचून म्हणतो, "चोरीचा माल काऊन आणून राह्यला?" व्हॉल्व्ह नाही, भोंगा नाही, मित्र बोलत नाहीत. संध्याकाळ झाली की गच्चीकडे पाहवत नाही, मामा. खरंच रडू येतं.

आपला हताश भाचा,
गुलाब

ता. क. गोमाजींनी आणलेल्या घंगाळावर आपलं नाव निघालं. तेही मी पुकारलं. त्यांच्या पोराच्या लग्नात आपणच दिलेलं ते. मनाला लावून घेऊ नका.

पुन्हा ता. क. काल ते घंगाळ चिंचेनं घासलं. आपल्या नावाखाली खरवडलेलं जुनं नाव दिसतं: मधुकरराव, हिंगणघाट. म्हणजे मामींचे वडील. माहेरचं घंगाळ चोरीला गेलं म्हणून मामी अजून डोळे पुसतात, तेच हे. मी कुणाला एक शब्द बोललेलो नाही. व्हॉल्व्ह अठरा रुपयांचा आहे, मनिऑर्डर चालेल. भोंगा नसला की मला आपल्या घरी वडनेरला येऊनच बोलावं लागतं, आणि मामी माझं बोलणं फार लक्ष देऊन ऐकतात.