आजी अक्रोड फोडते तिथे

ता. ४, सोमवार

दादा,

नमस्कार. 'तू खुशाल असशील' असं लिहायची पद्धत आहे, पण तू खुशाल आहेस की नाही हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. ठकू पोहोचली. एक मोजा उलटा आणि उशी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, अशी बसमधून उतरली. बाकी धड आहे. फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुझं बोलणं एक असतं आणि आवाज दुसराच, मला दोन्ही एकदम झेपत नाहीत. पत्र बरं.

तू दिलेली पुस्तकं मिळाली. ग्रहांचं, कीटकांचं आणि पुलांचं. पुलांचं फारच छान आहे, मी जेवताना वाचत बसले आणि सूप गार झालं. तुझ्या लेकीने मात्र तिन्ही एकावर एक रचली आणि वर दुधाचा पेला ठेवला. "टेबल म्हणून बरी उंची होते," म्हणाली. उंची बरी होते हे खरंच आहे.

इथे सगळं होतं तसंच. खाली लॅब, वर माझ्या दोन खोल्या. दिवसभर प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, कवळ्या घासायच्या. मालक म्हणतात, "अहो, जरा पिवळे दात घ्या, गिऱ्हाईक सत्तरीचं आहे, नवरदेव दिसेल." मग मी पिवळे घेते. या कामाने मी थकत नाही. माणसांनी थकते. घरात आणखी एक माणूस आलं की मी थकणार, हे तू धरलं होतंस का? धरलं नसणारच. तुझ्या चिठ्ठीत एवढंच: "समुपदेशक बाई म्हणतात, अशा मुलांना माहितीच्या विषयांत रस असतो, तो वाढवा. तू तशीच आहेस, तुला कळेल. गोष्टींचं खूळ तिच्या डोक्यातून काढ आणि महिनाअखेर तुझं मत लिहून दे, म्हणजे निवासी शाळेत नाव घालतो. तिथे हाताला काम शिकवतात."

मला स्वमग्नतेचा कागद मिळाला तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. ठकूला दहाव्या वर्षीच मिळाला. कागद सारखाच आहे. बघते काय जमतं ते.

वहिनीबद्दल तू चिठ्ठीत काही लिहिलेलं नाहीस. मीही लिहीत नाही.

तुझी,
धाकटी

---

ता. १३, बुधवार

दादा,

नमस्कार. मी दमले आहे, ते आधी सांगते म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील.

पहिले काही दिवस मी तुझं ऐकलं. तिला लॅबमध्ये नेलं. जबड्याचे साचे दाखवले, सुळा कसा ओळखायचा, दाढ वरची की खालची, सगळं. माझ्यासारख्या माणसाला यात दिवस पुरत नाही. तिने एक साचा उचलला आणि विचारलं, "या माणसाला कवळी हवी होती की त्याच्या सुनेला?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, माझ्याकडे फक्त तोंडाचं माप येतं. ती म्हणाली, "मग तुला कंटाळा कसा येत नाही?" लॅबमधली पॉलिशवाली इतकी हसली की तिच्या हातातली कवळी मशीनमधून उडून बेसिनमध्ये पडली. मालकांनी मला बोलून घेतलं. उडवली तिने, बोलणी मला.

मग ठकू जेवेना. संध्याकाळ झाली की खिडकी ते दार, दार ते खिडकी. माझं डोकं ठणकायला लागलं. तिचं अंथरूण घालताना उशी उचलली तर हात खाली गेला, इतकी जड. अभ्र्यात पुस्तक. ते जाड हिरवं, होडी चालवणाऱ्या कुटुंबाचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. तू तिची बाकीची गोष्टींची पुस्तकं देऊन टाकलीस, तेव्हा हे तिने लपवलं असणार. आता तू म्हणशील, काढून का नाही घेतलंस? अरे, पोर उपाशी होती. मी विचारलं, "हे वाचलं तर जेवशील?" तर म्हणाली, "मी नाही वाचायचं. तू वाच, मोठ्याने."

चौदा वर्षांची मुलगी, माझ्याहून भरभर वाचते, आणि हा हट्ट. तरी वाचलं. ती जेवली. तेव्हापासून रोज संध्याकाळी वाचते.

दादा, मला गोष्टी वाचता येत नाहीत, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. यातली माणसं एक बोलतात आणि मनात दुसरंच असतं. ते ओळखत बसायचं काम मी दिवसभर लॅबमध्ये करते, घरी येऊन पुन्हा तेच कशाला? पूल कसा उभा राहतो हे वाचलं की माझा जीव थंड होतो. पूल मनात काही ठेवत नाही.

हे मी ठकूला सांगितलं. तर म्हणाली, "आत्या, पण पुस्तकात ते लिहिलेलं असतं ना! 'ती मनात म्हणाली' असं. बाहेर कोणी लिहून देत नाही. मला बाहेरच काही कळत नाही, पुस्तकात सगळं कळतं."

जी गोष्ट मला नको, तीच तिला हवी. कारण मात्र दोघींचं एकच, माणसं कळत नाहीत. कागद सारखा असून काय उपयोग? माझ्याकडे एकाच वयाच्या, एकाच गल्लीतल्या दोघींची मापं येतात. एकीची कवळी दुसरीला घालून बघ.

शाळेबद्दल माझं मत अजून झालेलं नाही. तिला पाठवून दिलं तर माझी संध्याकाळ मला परत मिळेल, हेही मनात येतं. येतं ते लिहिलं.

तुझी,
धाकटी

---

ता. २१, गुरुवार

दादा,

नमस्कार. हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

परवा संध्याकाळी भांडण झालं. म्हणजे मी भांडले नाही आणि तीही भांडली नाही, पण शेजारचा शिंपी "काय झालं, काय झालं" करत जिन्यात आला, इतका आवाज झाला.

झालं असं. त्या हिरव्या पुस्तकात एक आजी आहे, होडीवाल्याची आई. तिला नवी कवळी मिळते. ती कवळी बसवून घरी येते आणि त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर दाताखाली अक्रोड धरून कडकन फोडते. दादा, हे होत नाही. नवी कवळी हिरड्यांना टोचते, माणूस कित्येक दिवस पातळ आणि मऊ खातो. नव्या कवळीने अक्रोड फोडायला गेली तर एक तर कवळी तुटेल, नाही तर आजी किंचाळेल. माझं अर्धं आयुष्य यात गेलं आहे. असलं माझ्या तोंडाने मी वाचणार नाही. तेव्हा मी तो भाग गाळला आणि पुढच्या परिच्छेदावर गेले. मला वाटलं, मी तिच्यावर उपकारच केले.

तिने कान दाबले, खाली बसली आणि ओरडायला लागली. मी तिला हात लावला नाही. मला स्वतःला कोणी हात लावलेला चालत नाही, तेवढं कळतं. दिवा बंद केला. शिंप्याला म्हटलं, तुम्ही जा, काही नाही. मग मीही जमिनीवर बसले, तिच्यापासून लांब, आणि मला रडू आलं. दमल्यामुळे आलं. मला वाटलं, जाऊ दे हिला शाळेत, माझ्याच्याने होत नाही.

थोड्या वेळाने ती गप्प झाली. आणि मग अंधारात वहिनी बोलायला लागली.

मी वेडी झालेले नाही. ठकूच बोलत होती, पण आवाज वहिनीचा. आजीचा अक्रोडाचा सगळा प्रसंग, पाठ. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, सगळं वहिनीचं. "कडकन" शब्द आला आणि वहिनी हसली. तुला आठवतं ना, हसता हसता तिचा आवाज वर जाऊन फाटायचा? तसंच. "अगं बाई, काय दात आहेत का अडकित्ता!" असंही म्हणाली. पुस्तकात हे वाक्य नाही, मी नंतर बघितलं. मग पुढचं म्हटलं. आणि मग ती खोकली. तो खोकला, दादा. शेवटच्या थंडीतला. खोकली, "थांब हं, पाणी पिते" म्हणाली, थांबली, घोट गिळल्याचा आवाज केला आणि पुढे सुरू.

माझ्या अंगावर काटा आला. दिवा लावायला उठले आणि न लावताच परत खाली बसले.

मी विचारलं, "ठकू, तू घरीही असं बोलायचीस?"

"हो. रोज संध्याकाळी. आई वाचायची त्याच वेळेला. मग बाबा उठून जायचे. मग बाबांनी पुस्तकं देऊन टाकली."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझ्यासारख्या मुलांना गोष्टी चांगल्या नसतात, बाईंनी माहितीचे विषय वाढवा म्हणून सांगितलंय." मग तिने बाईंचं वाक्यही म्हणून दाखवलं, बाईंच्याच आवाजात: "तिच्या आवडीचे विषय वाढवा, मग ते कुठलेही असोत." तुझी लेक वाक्यं विसरत नाही, दादा. तुझ्या चिठ्ठीतलं वाक्य वेगळं होतं.

मी तुला खोटारडा म्हणत नाही. तू एरवी खोटं बोलत नाहीस. तुला तो खोकला ऐकवत नव्हता. रोज संध्याकाळी बायको जिवंत व्हायची, हसायची, खोकायची आणि पान संपलं की पुन्हा जायची. कोण सहन करेल? मला एकदाच ऐकून दिवा लावायचं सुचलं नाही, तू तर किती महिने ऐकलंस. हे तू मला सांगायला हवं होतंस. 'मला ऐकवत नाही' एवढं लिहायचं, मी काय हसले असते? त्याऐवजी तू तिच्या कागदावर सगळं ढकललंस. आणि मला हाताशी धरलंस, कारण मला गोष्टी आवडत नाहीत हे तुला पक्कं माहीत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून जास्त बोलत नाही. पण राग आला. अजून आहे.

पॉलिशवालीला मी हे सांगितलं तर तिने पदराने, म्हणजे ॲप्रनने, डोळे पुसले आणि म्हणाली, "अहो, आपण फोटो लावतो भिंतीवर. त्या पोरीची भिंत ही आहे." कधी नव्हे ते ती शहाण्यासारखं बोलली.

आता ऐक. तिचा गोष्टींचा नाद सुटला असं मी लिहून देणार नाही. गोष्टींनी तिचं नुकसान होतं असंही लिहिणार नाही. ती शाळा वाईट असेल असं मी म्हणत नाही, कदाचित चांगली असेल, तिला जावंसं वाटलं तर जाईलही. पण या कारणाने ती गेली तर तिला असंच वाटत राहील की आई बोलून दाखवली म्हणून बाबांनी घालवून दिलं. तिला आत्ताच तसं वाटतं. तिने मला विचारलं, "बाबा उठून जायचे तेव्हा मनात काय म्हणायचे?"

मी काय सांगणार? मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिने मान हलवली आणि पुस्तक पुन्हा उशीत घातलं. मला त्या उशीकडे बघवेना.

काल मी अक्रोडाचा प्रसंग वाचला. सगळा. "कडकन" वाचताना मला लाज वाटली, इतकं ते खोटं आहे. मी वहिनीसारखी हसले नाही, मला येत नाही. मी आपली माझ्या आवाजात वाचत होते आणि जिथे वहिनी हसायची तिथे थांबले. ठकूने त्या जागेत हसून घेतलं. मग खोकल्याच्या जागी मी पेला पुढे केला आणि ती खरंच पाणी प्यायली. मग म्हणाली, "वाच पुढे, आत्या." जेवणही नीट झालं. आता रोज असंच करायचं ठरलंय. मी थकते, पण ठरलंय.

महिनाअखेर रविवारीच आहे. मत न्यायला तूच ये. ती वाचनाच्या वेळेला वाट बघते, तेव्हा त्याआधी पोहोच. कोपऱ्यातली खुर्ची तुझी. आजीचा अक्रोड येईल, वहिनी हसेल, नंतर खोकेल. तुला बसवलं तर बस. नाही बसवलं तर ऊठ, जिन्यात जाऊन उभा राहा, शिंप्याकडे रड, तो चहा देतो. पण उठताना तिला सांगून ऊठ. मनात काय म्हणतोस ते मोठ्याने सांग. तिला ओळखता येत नाही रे. मलाही येत नाही. आम्हाला दोघींना ते सांगावं लागतं.

मी आयुष्यात मनाने रचलेलं एक वाक्य लिहिलेलं नाही. हे पहिलं लिहिते, ठकूच्या पुस्तकातल्यासारखं. खरं आहे की खोटं, ते रविवारी कळेल.

'दादा येईल,' धाकटी मनात म्हणाली.