तांब्याभर गार पाणी

सोनाळा, सर्वपित्री अमावास्या, संध्याकाळ

त्या गोऱ्या पाद्र्याच्या जिभेला काही हाड? दुपारी मायला भेटायला आला. किरिस्ताव होऊन गेल्या साली वारलेल्या माझ्या दादासाठी रोज प्रार्थना करतो म्हणे. मायनं विचारलं, "माहा लेक आता कुठी हाय?" तर हा शांतपणे सांगतो, शुद्धिस्थानात आहे. पापं जळून जाईपर्यंत आत्मा तिथल्या आगीत राहतो, मागच्यांनी प्रार्थना केली की लवकर सुटतो.

म्हाताऱ्या बाईला हे सांगायचं? तिचा लेक जळतोय म्हणून? हा कसला देव, आधी जाळतो आणि मग लोकांच्या विनवण्यांची वाट पाहत बसतो! मी तोंडावर तसंच म्हटलं. तो मान खाली घालून निघून गेला. त्याचाही रागच आला.

मग माय घरात दिसेना. शोधत गेलो तर गावाबाहेर मिशनच्या कबरस्तानात, हातात तांब्या. रांजणातलं गार पाणी दादाच्या कबरीवर हळूहळू ओतत होती.

"माय, हे काय करून राह्यली तू?"

"त्याले चटके बसत असतीन ना रे."

पाद्र्याला आणखी चार शिव्या इथं लिहिणार होतो. पण तो तांब्या. सकाळी त्याच तांब्यातून मी तर्पण केलं, आबांना पाणी दिलं, आजोबांना दिलं. माय म्हणाली होती, दादाचंही नाव घे. मी म्हणालो होतो, बाटलेल्याला आपलं पाणी पोचत नाही.