अण्णांचं स्वित्झर्लंड

अण्णा, मी स्वित्झर्लंडला जाऊन आले. कंपनीच्याच कामाने गेले होते. चाकणच्या आमच्या कारखान्यात एक नवीन ग्राइंडिंग मशीन यायचंय. ते निघण्याआधी तिथं उभं राहून चालवून बघायचं, मापं तपासायची आणि सही करायची, एवढंच काम, दहा दिवसांचं. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्हाला जाऊन तर चौदा वर्षं झाली. म्हणून आज सुट्टीच्या सकाळी, घरात कोणी नसताना, वही घेऊन बसलेय. आपलं कांद्याचं वावर होतं तिथंच आता आमची ही इमारत आहे. सातव्या मजल्यावरून इंद्रायणी दिसते, पण ती बघण्यासारखी राहिलेली नाही.

मी तिसरीत आहे. मोशी अजून गाव आहे आणि मारुतीच्या देवळापुढे तुमचा सत्कार चाललाय. आपल्याकडे माणूस काही करून येईपर्यंत कोणाला धीर नसतो. निघायचं ठरलं की हार घालून मोकळे होतात. कंपनी तुम्हाला तीन आठवडे मशीनचं शिक्षण घ्यायला परदेशी पाठवणार, म्हणून शाल, नारळ, फेटा, सरपंचांचं लांबलचक भाषण. तुम्ही हात जोडून उभे आहात आणि फेटा सारखा कानावर घसरतोय. मी मैत्रिणींकडे बघून घेते, माझे वडील म्हणून. दोन दिवसांनी कंपनीने दोन जागांची एक केली आणि इंग्रजी बरं येणारा दुसरा माणूस गेला. तुम्ही हे फक्त आईला सांगितलंत. साचलेली रजा टाकलीत, बॅग घेतलीत आणि जुन्नरच्या पुढे आत्याच्या मळ्यात जाऊन तीन आठवडे राहिलात. येताना आम्हाला चॉकलेटं आणलीत. ती पुण्यातल्या कॅम्पातली होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग सुरू झाले ते रविवार. सकाळी पिठाच्या गिरणीपाशी चार माणसं जमायची आणि तात्या, तुमचे चुलतभाऊ, हमखास म्हणायचे, "हां, सांग मर्दा, काय बघितलंस." तुम्हीही आढेवेढे न घेता सांगायचात. "देश केवढा? पुणं, नगर नि सातारा मिळून व्हईल तेवढा. पन भाषा चार. उत्तरंला सपाटी नि कारखानं, मानसं घड्याळ बघून हसनारी. पश्चिमंला मोठ्या तळ्याकाठी द्राक्षाच्या पायऱ्या, मावळातल्या भातखाचरावानी. तिथली मानसं जेवायला बसली की उठत न्हाईत. पूर्वंला दऱ्याखोऱ्यात एक भाषा हाय, ती मूठभर लोकच बोलत्यात, पन पोरांना शाळंत शिकवत्यात. मधी बर्फाचं डोंगर. गाया उन्हाळ्यात वर चढवायच्या, नि थंडीच्या तोंडाला घंटा बांधून, डोक्याला फुलं लावून खाली आनायच्या. आपला भादवी पोळाच की." तात्यांना ओढ असायची ती डोंगराखालून दक्षिणेला नेणाऱ्या रेल्वेच्या बोगद्याची. तो आला की ते सरसावून बसायचे. "शिरताना धुकं, भुरभुर पाऊस. भाईर निघालं की लख्ख ऊन. ताडाची झाडं. नि मानसं आपल्यासारखी, मोठ्यांदा बोलनारी."

हे तुम्हाला कुठून कळलं तेही मला आता ठाऊक आहे. सत्काराच्या आधी कंपनीत मशीन बसवायला जो परदेशी फिटर आला होता तो त्या उन्हाच्या बाजूचा. दोन महिने तुम्ही त्याच्या हाताखाली होतात, त्याला भाकरी-ठेचा खायला घालत होतात, आणि त्याने खडूने जमिनीवर त्याच्या देशाचे तुकडे काढून तुम्हाला दाखवले होते. तुम्हाला धड इंग्रजी येत नव्हतं, त्याला तर मराठीचा गंधही नव्हता. तरीही तुम्ही त्याचं सगळं नीट ऐकून घेतलंत, जे मी तुमचं कधी घेतलं नाही.

मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी घर पेढे खाणाऱ्यांनी भरलं होतं. त्याच आठवड्यात कागदपत्रं शोधताना ट्रंकेत तुमचा पासपोर्ट मला सापडला होता, एकही शिक्का नसलेला. तात्यांनी बोगद्याचा विषय काढला, तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत, आणि मी आत जाऊन तो पासपोर्ट आणून सगळ्यांसमोर धरला. "अण्णा कुठेही गेले नव्हते. बघा, कोरा आहे." खोटं खपवून घ्यायचं नाही, असा माझा तोरा होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, "खरंय तिचं," म्हणालात आणि चहा सांगायला आत गेलात. नंतर आईने मला विचारलं, "झालं समाधान?" त्यानंतर तुम्ही त्या देशाचं नावही काढलं नाहीत.

तिथे आम्ही राहिलो ते उत्तरेला. धुकं, कारखाना, हॉटेल. एकच रविवार मोकळा मिळाला. बरोबरचे बर्फात फोटो काढायला गेले, मी दक्षिणेची गाडी धरली. खिडकीवर पावसाचे ओघळ होते, मग बराच वेळ नुसता काळोख, आणि बाहेर पडलो तर डोळे दिपावेत असं ऊन. स्टेशनाबाहेर ताडाची झाडं होती. भाजलेले चेस्टनट विकणारी बाई पलीकडच्या माणसाशी अशी बोलत होती की मला वाटलं, भांडण लागलंय. तुमचा एक शब्दही चुकला नव्हता. मी तळ्याकाठी बाकावर बसून रडले, अण्णा. माफी मागायची होती आणि समोर तुम्ही नव्हतात.

परत आल्यावर तात्यांकडे गेले. ऐंशीच्या पुढे आहेत, नजर अधू झालीय, पण कान तिखट. मी म्हटलं, "तात्या, अण्णा गेले नव्हते, पण सांगायचे ते सगळं खरं होतं. मी त्या दिवशी बोलायला नको होतं."

"त्यो गेला न्हाई ते आमाला तवाच कळलं व्हतं," तात्या म्हणाले. "त्याच्या शिफ्टला गावची दोन पोरं व्हती. गावात असं काय लपून ऱ्हातंय व्हय?"

"मग ऐकत का बसायचात?"

"झ्याक सांगायचा. नि हार आमीच घातला व्हता न्हवं? घातलेला हार कुनी काढून घेतं का, पोरी?" मग म्हणाले, "तू ते पुस्तक आनून दावलंस नि आमचं रविवार गेलं."

 त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तू सांग."

मी सांगितलं. उत्तरेचं सांगितलं, बोगद्याचं दोनदा सांगितलं. मग पश्चिमेकडच्या द्राक्षांच्या पायऱ्यांवर आले. तिकडे मी फिरकलेही नव्हते. तात्यांनी मध्येच विचारलं, "तिकडं बी गेलतीस?" मी हो म्हणाले. वर हेही सांगितलं, की तिथल्या एका म्हातारीने मला आपल्या मळ्यातला द्राक्षांचा घड तोडून दिला.